चित्रातील काळे आभाळ उदास कधी असते?

आमच्या जळगावच्या घरी बैठकीच्या खोलीत एक तैलचित्र टांगलेले आहे. ते साधारण दोन फूट उंच आणि तीन फूट रुंद असून तालुक्यातील एका निवृत्त चित्रकला शिक्षकांनी ते काढून माझ्या वडिलांना भेट दिले होते. तापीच्या उत्तरेकडचे काळे रान, मागे सातपुड्याची रांग, उजव्या बाजूला एकच कडुनिंब आणि वर गडद आभाळ, एवढाच त्यातील ऐवज. माणूस नाही, बैलजोडी नाही, झोपडी नाही. कितीतरी वर्षे मी हे चित्र पाहुण्यांना दाखवताना ‘जरा उदास आहे’ असे सांगत असे आणि पाहुणेही मान डोलावत असत. ते उदास का आहे, असे कोणी विचारले असते तर ‘गडद आहे म्हणून’ यापलीकडे माझ्यापाशी उत्तर नव्हते.

ते वाचन चुकलेले होते, आणि ते चुकलेले आहे हे त्याच चित्राकडे नीट पाहून ठरवता आले. भावप्रधान निसर्गचित्रात चित्रकार समोरच्या जागेची नोंद करून थांबत नाही. रंग, आकार आणि कुंचल्याची चाल मुद्दाम बदलून त्या जागेविषयी त्याला जे वाटले ते तो कापडावर ठेवतो. असे चित्र वाचण्याची जी रीत मला हळूहळू सापडली ती येथे मांडतो. तिचा सगळा भार एका नियमावर आहे. चित्राविषयी आपण जे विधान करू, त्यासाठी चित्रातील एखाद्या जागेवर बोट ठेवता आले पाहिजे. तसे ठेवता येत नसेल तर ती भावना आपल्या मनातली किंवा कुठेतरी वाचलेली आहे, असे समजून ती तूर्त बाजूला ठेवावी.

आधी नुसते पाहावे

चित्रासमोर गेल्यावर शीर्षकाची पाटी लगेच वाचू नये. ‘विरह’ किंवा ‘प्रतीक्षा’ असा शब्द एकदा डोळ्यांत शिरला की पुढचे सगळे रंग त्या शब्दाची साक्ष देऊ लागतात. प्रथम सात-आठ पावले मागे उभे राहून संपूर्ण चित्र एका नजरेत घ्यावे, मग डोळे किलकिले करावेत. बारकावे पुसले जातात आणि गडद व उजळ भागांचे मोठे पुंजके तेवढे उरतात; चित्राचा तोल कशावर उभा आहे ते या पुंजक्यांवरून कळते. हीच गोष्ट मोबाइलने अधिक चोख करता येते. चित्राचा फोटो काढून तो कृष्णधवल करावा. रंगांचे नाव-गाव निघून जाते आणि केवळ उजळपणा उरतो. आमच्या चित्राचा असा फोटो पाहिला तेव्हा लक्षात आले की आभाळ आणि जमीन हे दोन्ही जवळजवळ सारखेच गडद आहेत, त्यांच्यामध्ये एक अरुंद उजळ पट्टा दाबून बसवलेला आहे, आणि कडुनिंबाचे खोड तो पट्टा ओलांडून वरच्या गडदाला खालच्या गडदाशी जोडते. रंगीत चित्रात हे मला कधीच दिसले नव्हते.

त्यानंतर हातभर अंतरावर जावे, पृष्ठभाग पाहावा आणि पुन्हा मागे यावे. ही ये-जा निदान तीन-चार वेळा व्हावी. सोबत वही असावी आणि पहिल्या पानावर विशेषणांना बंदी असावी. ‘भयाण आभाळ’ असे न लिहिता ‘वरच्या अर्ध्या भागात निळसर करडा रंग, जाड थर, डावीकडून उजवीकडे ओढलेला’ असे लिहावे. दहा मिनिटे हे केले तर कंटाळा येतो, पण तो कंटाळा उपयोगाचा आहे, कारण पहिल्या मिनिटातली घाईची भावना त्यात विरून जाते.

खानदेशात राहणाऱ्याला जगातील प्रसिद्ध चित्रे बहुधा छापील पानावर किंवा पडद्यावरच भेटतात. तेव्हा आकाराचे भान सुटते. व्हिन्सेंट व्हॅन गॉग याचे ‘गव्हाचे शेत आणि कावळे’ हे १८९० सालचे चित्र ५०.५ सेंटिमीटर उंच आणि १०३ सेंटिमीटर रुंद आहे, म्हणजे उंचीच्या दुपटीहून किंचित अधिक रुंद. मोबाइलवर ते दोन बोटांत मावते. भिंतीवर खडूने त्या मापाचा आयत आखून त्याच्यासमोर उभे राहिले की डोळ्यांना डावीकडून उजवीकडे किती वळावे लागते हे समजते, आणि ते वळणे हाही त्या चित्राचा भाग आहे. मूळ चित्रे पाहण्यासाठी मुंबईला जहांगीर कलादालन आणि राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय गाठावे, पण त्याआधी चाळीसगावला केकी मूस यांच्या राहत्या वास्तूतील संग्रहालयात एक दिवस अवश्य घालवावा. मूस (१९१२–१९८९) हे मुख्यतः छायाचित्रकार होते. टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून त्यांनी केलेली छायाचित्रे पाहिली की रंगाचा टिपूसही न वापरता, केवळ प्रकाश आणि सावलीच्या वाटणीतून वातावरण कसे उभे राहते हे डोळ्यांना कळते. उजळपणा वाचायला शिकण्यासाठी याहून जवळची शाळा मला ठाऊक नाही.

रंग कोणाचा, वस्तूचा की चित्रकाराचा?

रंगाविषयी तीन गोष्टी वेगवेगळ्या पाहाव्यात: तो कोणता रंग आहे, किती उजळ आहे आणि किती तीव्र आहे. आपण बोलताना या तिन्हींची गल्लत करतो आणि मंद पिवळ्याला व झगझगीत पिवळ्याला एकाच नावाने हाक मारतो. फाल्गुनात सातपुड्याच्या पायथ्याशी पानगळ झालेल्या करड्या झाडीत एखादाच पळस फुललेला असतो. तो दिसतो मैलभरावरून, आणि त्याचे कारण केशरी रंगात जितके आहे तितकेच भोवतालच्या निस्तेज करडेपणात आहे.

यानंतरचा प्रश्न महत्त्वाचा आहे. जो रंग दिसतो तो त्या वस्तूचाच आहे, की चित्रकाराने तो दिला आहे? यावल किंवा चोपड्याच्या बाजूने सातपुडा पाहणाऱ्याला डोंगर निळे दिसतात, कारण आपल्या आणि डोंगराच्या मधली हवा निळा प्रकाश अधिक विखुरते. तेव्हा चित्रातला दूरचा डोंगर निळा असेल तर चित्रकाराने त्यात काही विशेष सांगितले आहे असे मानू नये. तो जसा दिसतो तसा काढला आहे. वैशाखातल्या दुपारी धुळीने तोच डोंगर फिकट राखी होऊन आभाळात विरघळतो आणि पावसाळा सरता सरता हिरवागार होऊन एकदम जवळ आल्यासारखा वाटतो. हे सगळे हवेचे खेळ. पण चित्रात भर दुपारचा उजेड असताना डोंगर जांभळा-काळा रंगवला असेल, किंवा शेताच्या मातीत लाल ओढले असेल, तर तेथे थांबावे. दिसणारा रंग आणि दिलेला रंग यांत जितके अंतर, तितकी चित्रकाराची भावना त्या जागी उघडी पडलेली असते. म्हणून आपल्या प्रदेशाचे रंग ऋतूनुसार माहीत असणे हे कुठल्याही पुस्तकी ज्ञानाहून अधिक कामाचे ठरते. इंग्लंडचा चित्रकार जॉन कॉन्स्टेबल याने १८२१-२२ मध्ये हॅम्पस्टेड येथे आभाळाचे अनेक अभ्यास केले आणि त्यांच्या पाठीमागे तारीख, वेळ आणि वारा यांची नोंद ठेवली. आपणही गच्चीवरून रोज एकाच वेळी दिसणाऱ्या आभाळाचे चार बोटे रुंद रंगपट्टे कागदावर लावून मागे तारीख-वेळ लिहिली, तर वर्षभरात स्वतःचे मोजमाप तयार होते.

सय्यद हैदर रझा यांची १९७० च्या दशकातील निसर्गचित्रे पाहताना हा प्रश्न फार चांगला उपयोगी पडतो. रझा यांचा जन्म १९२२ मध्ये मध्य प्रदेशातील मंडला जिल्ह्यात झाला आणि बालपण जंगलाच्या सान्निध्यात गेले. १९५० मध्ये ते फ्रान्सला गेले. १९७० च्या दशकातल्या त्यांच्या अनेक कॅनव्हासवर झाड म्हणून ओळखावे असे झाड क्वचितच सापडते. लाल, केशरी आणि काळा हे रंग एकमेकांवर धडकतात आणि मधूनच एखादा उजळ तुकडा पेटतो. तेथे ‘ही कुठली जागा’ हा प्रश्न फारसा पुढे नेत नाही. ‘काळा लालाला गिळतो आहे की लाल काळ्यातून वर येतो आहे’ हा प्रश्न विचारला की डोळे कामाला लागतात.

रंग एकटा कधीच नसतो, हे तर प्रयोगाने पाहता येते. पॅरिसच्या गोबलाँ या गालिचे विणणाऱ्या कारखान्यात मिशेल शेव्हरल हा रसायनशास्त्रज्ञ रंगखात्याचा प्रमुख होता. तेथील काळा रंग फिका पडतो अशी तक्रार आली. त्याने तपास केला तेव्हा रंगात खोट नव्हतीच. शेजारच्या धाग्यांच्या रंगामुळे डोळ्याला काळा कमी काळा दिसत होता. १८३९ मध्ये त्याने या विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला आणि पुढच्या कित्येक चित्रकारांनी तो अभ्यासला. आपल्याला ग्रंथाची गरज नाही. जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर बोटाच्या पेराएवढे भोक पाडावे आणि त्यातून चित्राचा एकेक तुकडा वेगळा पाहावा. आमच्या चित्रातला क्षितिजालगतचा पिवळा पट्टा मी असा पाहिला आणि चकितच झालो. भोकातून तो मळकट, गेरू मिसळल्यासारखा दिसला. पुठ्ठा दूर करताच तो पुन्हा उजळला, कारण त्याच्या वर आणि खाली जांभळट करडा आहे आणि पिवळा व जांभळा हे एकमेकांचे विरोधी रंग आहेत. म्हणजे चित्रातला उजेड गडद रंगांनीच निर्माण केलेला आहे. तो गडदपणा उजेडाला मारण्यासाठी नाही हे मला तेव्हा प्रथम कळले, तरी उदासपणाचा हट्ट मी अजून सोडला नव्हता.

रंगांचे अर्थ सांगणारी कोष्टके सर्वत्र मिळतात: लाल म्हणजे राग, निळा म्हणजे शांती, काळा म्हणजे शोक. ती कपाटात ठेवून द्यावीत. बाराही महिने रिपरिप पाऊस पाहणाऱ्या माणसाला गडद ढग म्हणजे आणखी एक वाया गेलेला दिवस वाटत असेल. पण ज्याचा बहुतेक सगळा पाऊस जून ते सप्टेंबरात पडतो आणि ज्याची कपाशी त्या पावसावर उभी असते, त्या खानदेशी शेतकऱ्याला मृगाच्या तोंडावरचे तेच आभाळ देवासारखे वाटते. अर्थात हे सूत्रही उलट्या बाजूने लादू नये. परदेशी चित्रातला प्रत्येक काळा ढग आपल्या मृगाचा करून टाकणे हीसुद्धा चूकच आहे. रंग त्या चित्रात कोणाच्या शेजारी बसला आहे, त्याने किती जागा व्यापली आहे आणि तो कसा लावला आहे, यावरूनच त्याचा अर्थ काढावा.

कुंचल्याच्या खुणा

फटकारा म्हणजे हाताच्या हालचालीची मागे राहिलेली खूण. ती वाचताना दिशा, दाब, रंगाची जाडी, वेग आणि क्रम पाहावा. दिशा सर्वांत सोपी. चित्रासमोर, अर्थात स्पर्श न करता, बोटाने हवेत त्या फटकाऱ्यांमागोमाग हात फिरवावा. दोन-तीन मिनिटांत मनगटाला कळते की कुठे हात मोकळा फिरला आहे आणि कुठे अडखळला आहे. जाडी पाहण्यासाठी घरच्या चित्रावर खोली अंधारी करून बाजूने टॉर्चचा झोत टाकावा. रंगाचे उंचवटे सावल्या टाकू लागतात आणि सुरीने ओढलेला सपाट थर व केसाळ कुंचल्याने पाडलेल्या रेघा वेगळ्या दिसतात. कलादालनात मात्र हा प्रयोग करू नये. क्रम ओळखण्यासाठी जेथे दोन रंग भेटतात ती कड पाहावी. ज्या रंगाची कड अखंड आहे तो सहसा नंतर आलेला असतो. दोन्ही एकमेकांत कालवले गेले असतील तर खालचा रंग ओला असतानाच वरचा लागला आहे.

आमच्या चित्राचे गुपित फुटले ते येथेच. माझे धाकटे मामा रावेर तालुक्यात शेती करतात. एका लग्नाच्या निमित्ताने ते मुक्कामी होते. चहा घेता घेता मी नेहमीप्रमाणे चित्राच्या उदासपणाविषयी बोललो, तेव्हा ते उठून चित्राजवळ गेले आणि खालच्या काळ्या भागाकडे बोट दाखवून म्हणाले, “भाचेबुवा, हे रान वखरलेलं आहे. उदास कुठून?” मी जवळ जाऊन पाहिले. खालच्या भागातले फटकारे लांब, समांतर आणि सारख्या अंतराचे होते, ताठ केसांच्या रुंद कुंचल्याने एका दमात ओढलेले, आणि ते सगळे क्षितिजाकडे निमुळते होत गेले होते. वखराच्या पाळीने जमिनीवर अशाच रेघा उठतात. शिवाय मामांनी दाखवले की काळी जमीन उन्हाळ्यात वाळली की राखेसारखी फिकट होते. ती इतकी काळीभोर दिसते याचा अर्थ वळवाची एखादी सर नुकतीच पडून गेली आहे. पाळी घालून झालेली, ओल धरलेली जमीन आणि वर भरून आलेले आभाळ. हे ओसाड रान नव्हते, ते पेरणीसाठी तयार होऊन बसलेले रान होते. इतकी वर्षे मी त्या रेघा पाहत होतो, पण त्या ‘पोत’ आहेत असे म्हणून पुढे जात होतो.

हे वाचन मामांनी सांगितले म्हणून मी स्वीकारले नाही. ते खरे धरायचे तर आभाळातही तशीच हालचाल असायला हवी होती. तेथे सुरीने लावलेला रंग आहे आणि प्रत्येक ओढ डावीकडून उजवीकडे जाते, डावीकडे जाड होऊन उजवीकडे विरत जाते. कडुनिंबाच्या पानांचे तुटक ठिपकेही उजवीकडेच कललेले आहेत. खोड मात्र सरळ आहे. चित्रातली प्रत्येक हलणारी गोष्ट एकाच बाजूला निघालेली आहे. आभाळ येते आहे.

आता ‘गव्हाचे शेत आणि कावळे’ याकडे याच नजरेने पाहावे. गव्हातले फटकारे छोटे, जाड आणि अनेक दिशांना वळलेले आहेत; एक फटकारा शेजारच्याचे ऐकेल याची खात्री नाही. आभाळात गडद निळ्याचे रुंद तुकडे एकमेकांवर आदळतात. तीन वाटा दिसतात: दोन कडेला चित्राबाहेर निघून जातात आणि मधली शेतात शिरून संपते. कावळे दोन-दोन ओढींत काढलेले आहेत आणि ते येत आहेत की जात आहेत हे चित्रावरून ठरवता येत नाही. आमच्या चित्रात सगळे एका दिशेला जाते, येथे कशालाच दिशा मिळत नाही. दोन्ही चित्रांत गडद आभाळ आहे, दोन्हीत पिवळा आहे, दोन्हीत शेत आहे. तरीही भाव वेगळा आहे, आणि तो फरक करणारी गोष्ट फटकाऱ्यांची चाल आहे.

भुसावळच्या वाचकांनी विल्यम टर्नरचे १८४४ सालचे ‘पाऊस, वाफ आणि वेग’ हे चित्रही पाहावे. लंडनच्या राष्ट्रीय कलादालनातल्या या चित्रात पुलावरून आगगाडी आपल्याकडे येते. पाऊस, नदी, धूर, सगळ्या कडा एकमेकांत मिसळून गेल्या आहेत आणि इंजिनाचे काळे धुराडे तेवढे कडक कडेचे आहे. वेग दाखवण्यासाठी टर्नरने गाडी अधिक रेखीव केली नाही, तिच्याभोवतीचे जग पुसले. रुळांवर पुढे पळणारा एक ससाही त्याने रंगवला होता, आता तो मोठ्या मुश्किलीने दिसतो.

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. जोरकस फटकारा दिसला की ‘चित्रकाराचा संताप’ असे लिहिण्याची सवय फार पसरली आहे. पुष्कळदा फटकाऱ्याचे कारण माध्यमात असते. ॲक्रिलिक लवकर वाळते, म्हणून त्यात रंग सावकाश मिसळता येत नाहीत. जलरंगाचे तर विचारूच नये. एप्रिल-मेमध्ये पाटणादेवीच्या परिसरात किंवा तापीकाठी उन्हात बसून जलरंगाचा वॉश, म्हणजे पाणीदार पातळ थर, लावून पाहावा. पारा चव्वेचाळीसच्या आसपास असेल तर पाणी कागदावर पसरण्याआधीच वाळते आणि आभाळाला कडक कडा पडतात. त्या कडांत वेदना शोधणाऱ्याने आधी चित्राखालची तारीख पाहावी.

भावाला नेमका शब्द

रंग आणि फटकारे पाहून झाल्यावरच भावाचे नाव घ्यावे, आणि तेथे मराठीचा कंजूषपणा करू नये. ‘उदास’ हा शब्द आपण पोत्यासारखा वापरतो. काहीही त्यात भरतो. पण भकास, ओसाड, सुन्न, रखरखीत, ओकेबोके, निवांत, गंभीर, व्याकूळ, हुरहूर लावणारे, हे सगळे शब्द वेगवेगळ्या पुराव्यांवर उभे राहतात. ‘रखरखीत’ म्हणायचे असेल तर रंगात कोरडेपणा हवा, कुंचला कोरडा फिरलेला हवा, सावल्या आखूड हव्यात. ‘भकास’मध्ये पूर्वी काहीतरी होते आणि आता नाही, असा भाव आहे, म्हणून पडकी भिंत, वापरात नसलेली मोट, ओस पडलेली वाट यांपैकी कशाची तरी खूण चित्रात सापडली पाहिजे. ‘निवांत’ रिकाम्या चित्रातही असतो आणि ‘भकास’ही रिकाम्याच चित्रात असतो, तेव्हा नुसत्या रिकामपणावरून यांतले काहीच ठरत नाही, आडवे, शांत, सारख्या दाबाचे फटकारे असतील तर पारडे पहिल्याकडे झुकते. ‘कातरवेळ’ या एका शब्दात तर वेळ, उजेड आणि मनाची घालमेल तिन्ही आहेत, आणि तो वापरण्यापूर्वी चित्रातला उजेड खरोखर मावळतीचा आहे ना, सावल्या लांबल्या आहेत ना, हे तपासावे लागते.

शब्द निवडला की त्याच्या बाजूचे दोन पुरावे आणि विरुद्ध जाणारा एक पुरावा शोधावा. विरुद्ध पुरावा मिळत नाही असे सहसा होत नाही. चांगल्या चित्रात तो असतोच आणि बहुधा तोच चित्राला एकसुरी होऊ देत नाही.

चित्रकाराचे चरित्र आणि काळाचा हात

चित्रकाराविषयीची माहिती शेवटी वाचावी. व्हॅन गॉग २९ जुलै १८९० रोजी वारला आणि त्याच महिन्यात त्याने हे कावळ्यांचे चित्र काढले, एवढ्यावरून ते त्याचे शेवटचे चित्र असल्याचे वर्षानुवर्षे सांगितले गेले व कावळ्यांना मृत्यूचे दूत करून टाकले गेले. अभ्यासक आता ‘झाडाची मुळे’ हे त्याचे शेवटचे चित्र मानतात. त्या जुलैत धाकटा भाऊ तेओ आणि भावजय यांना लिहिलेल्या पत्रात त्याने वादळी आभाळाखालच्या विस्तीर्ण शेतांचा उल्लेख करून त्यांतून दुःख आणि पराकोटीचा एकटेपणा मांडण्याचा आपण प्रयत्न केला आहे असे म्हटले. आणि त्याच पत्रात, खेड्यातल्या निसर्गात आपल्याला जे निरोगी आणि बळ देणारे दिसते तेही या चित्रांतून कळेल असे लिहिले. बहुतेक लेखांत पहिले अर्धे पत्र उद्धृत होते. चित्रातला तेजस्वी पिवळा दुसऱ्या अर्ध्याचा साक्षीदार आहे.

रंगही कायम राहत नाही. व्हॅन गॉगच्या शयनगृहाच्या चित्रातल्या भिंती आज निळ्या दिसतात. त्या मूळच्या जांभळट होत्या, त्यांतला तांबडा रंग उडाला. क्रोम पिवळा काळानुसार तपकिरीकडे झुकतो. घरच्या चित्रांवर तर उदबत्तीचा धूर आणि वार्निशचा पिवळेपणा यांचीही भर पडते. म्हणून चौकटीखाली झाकलेली कडेची पट्टी शक्य असेल तेव्हा पाहावी. प्रकाश न लागल्याने तेथला रंग मूळच्या जवळ असतो.

लिहून काढावे

हे सर्व वहीत उतरवल्यावर आठ-दहा वाक्यांचा एक परिच्छेद लिहावा. त्यात ‘मला वाटते’ कमी असावे आणि ‘खालच्या डाव्या भागात’, ‘क्षितिजालगत’ अशी ठिकाणे भरपूर असावीत. आमच्या चित्राविषयी मी शेवटी लिहिलेला परिच्छेद नमुन्यादाखल देतो.

“चित्राचा खालचा अर्धा भाग ओलसर काळ्या जमिनीचा असून लांब, समांतर फटकारे तिला वखरलेल्या रानाचे रूप देतात. जमिनीत मधूनमधून पातळ केशरी रेघा आहेत. त्या मातीच्या रंगाच्या नाहीत, चित्रकाराने दिलेल्या आहेत, आणि त्यांच्यामुळे काळा थंड पडत नाही. आभाळाचा जांभळट करडा रंग सुरीने डावीकडून उजवीकडे ओढलेला आहे आणि कडुनिंबाची पाने त्याच दिशेला कललेली आहेत. या दोन गडद भागांमध्ये मळकट पिवळ्याचा अरुंद पट्टा शेजारच्या रंगांमुळे उजळतो आणि डोळा वारंवार तेथेच परततो. सातपुडा मात्र सपाट, जवळजवळ पुसलेला आहे. सरळ खोड हीच काय ती न हलणारी गोष्ट. चित्राचा भाव वाट पाहण्याचा आहे आणि त्या वाट पाहण्यात भीतीपेक्षा तयारी अधिक आहे. विरुद्ध पुरावा: रान तयार असूनही चित्रात एकही माणूस नाही.”

त्याखाली एक ओळ मी वेगळी लिहून ठेवली आहे. चित्राच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात तळहाताएवढे कापड रंगाविना कोरे सुटले आहे. मामांच्या मते तो बांध आहे. माझ्या मते चित्रकाराने तेथे हात थांबवला. दोन्ही तर्कांसाठी बोट ठेवायला जागा एकच आहे, त्यामुळे तो कोपरा वरच्या परिच्छेदात घेतलेला नाही.